मनू रोज सुटतो

१९ जून १९५६, मंगळवार

मनू सुटला! आम्ही जेवायला बसतच होतो, तोच दारात उभा. दाढी वाढलेली, हातात वळकटी. मराठी राज्याच्या चळवळीपायी जानेवारीच्या धरपकडीत माझ्या या धाकट्या भावाला नेलं होतं, तो आज आला.

आई खाटेवर होती. उठायला गेली आणि तोल गेला. मनूनेच सावरलं. त्याच्या गालांवरून, खांद्यांवरून हात फिरवत राहिली. "हाडं झाली रे तुझी," एवढंच.

आता तिचं व्रत सुटेल. मनू घरी येईपर्यंत अन्न नाही, मीठ नाही, दूध नाही. पाण्यात शिजवलेली साबुदाण्याची पेज, वर साखर, आणि कोरा चहा. जानेवारीपासून हेच. नलूने दूध पुढे केलं की विचारायची, तुरुंगात त्याला मिळतं का? यावर बायको काय बोलणार आणि मी तरी काय! वाडीतल्या बायका येऊन पाया पडून जायच्या. मलाही खोटं का सांगू — अभिमान वाटायचा. हल्ली झोकांड्या जातात, एकाचे दोन दिसतात म्हणते, विसरतेही. उपासाचा अशक्तपणा.

नवस असा की मनू आला की प्रभादेवीची ओटी भरायची आणि मगच पहिला घास. आई विधवा, तिला ओटी भरता येत नाही. नलूने भरायची, आईने समोर उभं राहायचं. उद्या सकाळी जाऊ म्हणाली.

नलू कोळंबी आणायला सांगतेय. या घरात आम्हा प्रभूंचा स्वयंपाक म्हणावा असा स्वयंपाक झाला त्याला किती महिने झाले!

२० जून

हे कसं लिहायचं कळत नाही. घडलं तसं लिहितो.

सकाळी आईने नलूला विचारलं — मनूची काही खबर? नलूला वाटलं थट्टा करतेय. मनू मोरीत तोंड धूत होता. तो बाहेर आला. आई उठायला गेली, तोल गेला, मनूने सावरलं. गालांवरून, खांद्यांवरून हात. "हाडं झाली रे तुझी."

आम्ही हसलो. झोपेतून उठलीय, असं म्हटलं.

टॅक्सी करून प्रभादेवीला गेलो. नलूने ओटी भरली. आईने हात जोडले, डोळे भरून आले. पुजाऱ्याने प्रसादाचा नारळ तिच्या पदरात घातला. येताना वाटेत तीनदा म्हणाली, झालं बाई एकदाचं.

घरी पान मांडलं. भात, वरण, कोळंबीचं घट्ट कालवण, आमचं आटलं. आई हात धुऊन आली. पानाकडे पाहिलं आणि नलूवर ओरडली, "माझं व्रत ठाऊक असून हे काय वाढलंस? मनू यायचाय, देवीची ओटी भरायचीय."

मनू समोरच्या पाटावर होता. नारळ तिच्या पदरात होता.

मनू म्हणाला, आई, मी आलो. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. हाडं झाली रे तुझी. उद्या सकाळी ओटी भरायला जाऊ.

कोळंबी कुणीच खाल्ली नाही.

२१ जून

आजही तेच.

२२ जून

बेबी दादरहून आली. माझी धाकटी बहीण, शिवाजी पार्कला दिलेली. तिला वाटलं मी वाढवून सांगतोय — वर्तमानपत्रवाल्यांची सवय, म्हणाली. मग तिने आईला विचारलं, काल काय केलंस? आईने शांतपणे सांगितलं की काल अप्पांबरोबर महालक्ष्मीला गेले होते, येताना त्यांनी सोनचाफा घेतला, सुटे नव्हते म्हणून फुलवाल्याशी हुज्जत घातली. अप्पांना, आमच्या वडिलांना, जाऊन आठ वर्षं झाली.

सांगताना डोळ्यांत लबाडीचा लवलेश नाही. मोकळ्या जागी जे सापडेल ते उचलून लावतेय जणू. पण बेबीच्या लग्नातला पहिल्या पंगतीपासूनचा बेत विचारा — तो जसाच्या तसा.

बेबी जिन्यात जाऊन रडली.

२४ जून, रविवार

कमलाकांतला बोलावलं. शाळेपासूनचा मित्र. परळच्या मोठ्या इस्पितळात मेंदूचे रोगी बघतो. आईला लहानपणापासून ओळखतो, म्हणून आधी तिच्या खाटेवर बसून तिच्या हातची अळूची पातवडं कशी पळवायचो ते सांगत बसला. आई हसली. तिला सगळं आठवत होतं, कुणी मार खाल्ला तेसुद्धा.

मग त्याने बोट डोळ्यांसमोर इकडून तिकडे नेलं. आईचे डोळे बोटामागे सरळ जात नव्हते, थरथरत होते. चालायला सांगितलं. पाय फाकवून चालली, होडीत उभी असल्यासारखी. मग आम्हाला बाहेर घेतलं आणि विचारलं, ही खाते काय?

नलूने सांगितलं. कमलाकांत म्हणाला, "आणि तुम्ही हिच्या पाया पडत होता?"

त्याने समजावलं ते असं. साबुदाणा आणि साखर म्हणजे नुसतं सरपण. ते जाळायला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं, मेंदूला तर सगळ्यांत जास्त. ते डाळीत, शेंगदाण्यात, हातसडीच्या तांदळात असतं. साबुदाण्यात नाही. उलट सरपण जितकं टाकाल तितका शिल्लक साठाही लवकर संपतो. संपला की मेंदूत खोलवर एक ठिकाण आहे ते आधी विझतं. जुनं सगळं जागच्या जागी राहतं. नवं काही टिकत नाही.

मनूचा चर्नी रोडला फोटोचा स्टुडिओ आहे. तो म्हणाला, हायपो संपलाय असं म्हणा ना. प्लेट धुतली, चित्र उमटलं, दिसतंयही, पण चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत बुडवली नाही. उजेडात नेली की गेलं.

कमलाकांत म्हणाला, बरोबर. मेंदूत आठवण पक्की करणारी रसायनं नेमकी कुठली ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. पण त्या कारखान्याचा हा कच्चा माल आहे, एवढं नक्की.

बरी होईल का? तो म्हणाला, चाल सुधारेल, डोळे सुधारतील. आठवण — काहींची येते, काहींची नाही. इंजेक्शनं आजच सुरू करू. पण नुसत्या सुयांवर भागणार नाही, तिने जेवलं पाहिजे. आणि जेवत नाही का, तर मनू आलाय हे तिला माहीत नाही. ते माहीत राहायला तिने जेवलं पाहिजे.

जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, देवीने हे मागितलं नव्हतं रे.

२६ जून

इंजेक्शन. आई रोज विचारते, हे कशाला? नलू रोज सांगते. नलूचा आवाज एकदाही चढलेला मी ऐकला नाही. माझा चढतो.

२८ जून, गुरुवार

मनूची कल्पना — पुरावा दाखवायचा. आज सगळे पुन्हा प्रभादेवीला गेलो, नलूने पुन्हा ओटी भरली. देवळाच्या पायरीवर आई, नलू, मध्ये मनू, आईच्या पदरात नारळ, असा फोटो त्याच्या मदतनिसाने काढला. संध्याकाळी फोटो आईच्या हातात.

आईने नीट पाहिला. म्हणाली, हा गेल्या नवरात्रातला. मनू तेव्हा असाच बारीक होता, कावीळ झाली होती ना.

कावीळ झाली होती हे खरंच आहे! तिने नवा फोटो मनातल्या जुन्या खणात ठेवून दिला आणि खण बंद. मनूने फोटो भिंतीवर लावला. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते — गेल्या नवरात्रातला.

२ जुलै

नलूने वाट काढली असं वाटतंय. प्रसाद! प्रसाद आईने जन्मात कधी नाकारलेला नाही. आणि शेंगदाणा उपासाला चालतो, आईने तो आपणहून सोडलाय. दाण्याच्या कुटाचे गूळ घालून लाडू करायचे आणि प्रसाद म्हणून हातावर ठेवायचे.

मी म्हटलं, छान, वळ आजच. तर ती म्हणाली, "देवीपुढे ठेवून आणलेलेच द्यायचे. खोटा प्रसाद मी आईंच्या हातावर ठेवणार नाही."

म्हणजे रोज प्रभादेवी. आणि रोज जाणार कोण? नलूला घर, आई. मनू दिसला नाही तर आई दर घटकेला त्याला तुरुंगात पाठवते. राहिलो मी. मुंजीनंतर आपणहून देवळात पाऊल न टाकलेला.

४ जुलै

पितळी डबा घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिलो. पुजारी म्हणाला, नवस का? मी म्हटलं, औषध. त्याने डबा देवीच्या पायांशी टेकवला आणि काही न विचारता परत दिला. तिथून बसने कचेरीत. मुख्य उपसंपादकाने डबा उघडून दोन लाडू खाल्ले! आईचे चार उरले.

आईने लाडू डोळ्यांना लावला आणि खाल्ला. "मीठ नाही ना यात?" एवढंच विचारलं.

८ जुलै, रविवार

बेबीशी वाद झाला. म्हणाली, दादा, तुम्ही हे का करताय? बरी झाली की तिला काय मिळणार? अप्पा गेलेत हे कळणार. आत्ता अप्पा तिच्यासाठी सोनचाफा आणतात. मनू रोज सकाळी नव्याने सुटतो. असं सुख आपल्यात कुणाच्या वाट्याला आलंय?

खरं तर मला पटलं थोडं. आईच्या चेहऱ्यावर रोज सकाळी जे उमटतं ते मी पाहतो ना.

मनू खिडकीत बसला होता. म्हणाला, "रोज सुटतो ते तू बघतेस, बेबी. त्याआधी ती मला रोज आत टाकते. रात्रभर तिच्यासाठी मी आतच असतो."

बेबी जाताना दाण्यांची पिशवी ठेवून गेली.

१५ जुलै

डोळे थरथरायचे थांबले! बोटामागे सरळ जातात. चालही सुधारली — काल गॅलरीच्या टोकापर्यंत गेली, भिंत न धरता. आठवण नाही. कमलाकांत म्हणतो, घाई करू नकोस, हा तुझ्या वर्तमानपत्राचा अंक नाही.

१९ जुलै

एक विचित्र गोष्ट. शेजारच्या मीराबाईंना मी मनूच्या अटकेची हकीकत सांगत होतो. पोलीस आले, मी दारात आडवा उभा राहिलो, मनू म्हणाला दादा बाजूला हो. आई खाटेवरून म्हणाली, "तू कुठे होतास? तू कचेरीत होतास. दारात नलू होती."

मी हसलो. नलूकडे पाहिलं. नलू म्हणाली, अहो, तुम्ही नंतर आलात.

मी डोळे मिटले की मला दाराची कडी हाताला लागते! इतकं स्पष्ट. कमलाकांतला सांगितलं तर तो मुळीच चकित झाला नाही. त्याचा तर्क — पुस्तकात नाही, माझा म्हणून ऐक, म्हणाला — आठवण दर वेळी उघडली की थोडी ओली होते. पुन्हा वाळताना आसपासचं काही ना काही चिकटतं. कचेरीत तू ही हकीकत किती जणांना सांगितलीस? दर वेळी दाराच्या एक पाऊल जवळ सरकला असशील. निरोगी मेंदू हेच करतो. आईचा करत नाही, कारण चिकटवायला तिच्याजवळ नवं काही उरतच नाही. म्हणून तिचा जानेवारी कोरा करकरीत आणि व्रतही. काल घेतल्यासारखं.

म्हणजे घरात त्या दिवसाची सगळ्यांत खरी प्रत आजारी माणसाकडे आहे.

२५ जुलै

मनूला मित्र बोलवायला येतात. सभा, मोर्चे. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहून बोलतो आणि परत वर येतो. वाघ पिंजऱ्यात, म्हणाले ते. मनू म्हणाला, हा पिंजरा मला आतल्यापेक्षा जड जातो.

९ ऑगस्ट, गुरुवार

कचेरीत धुमाकूळ. दिल्लीचं ठरलं — मुंबई, गुजरात, महाराष्ट्र सगळं एकच द्वैभाषिक राज्य. पहिलं पान तीनदा फोडलं. खिळे जुळवणाऱ्यांची बोटं काळीनिळी झाली.

संध्याकाळी घरी आलो. रस्त्यावर घोषणा. आईने विचारलं, काय झालं? सांगितलं. जेवणाच्या वेळी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. मग मी हात धूत असताना खाटेवरून म्हणाली, "ते द्वैभाषिक म्हणजे रे काय, आपण आणि गुजराथी एका घरात?"

तांब्या हातातून पडला. नलू धावत आली.

शब्द टिकला होता! नवा शब्द, आजचा. नलूने खूण केली, काही बोलू नका. जणू बोललो तर उडून जाईल.

१० ऑगस्ट

सकाळी विचारलं — मनूची काही खबर? माझा चेहरा पडला असावा. मनूने माझ्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच पुढे झाला. हाडं झाली रे तुझी.

१२ ऑगस्ट, रविवार

आईने डोळे उघडले. नलू चहा घेऊन उभी. आई म्हणाली, "मनू उठला का?"

खबर नाही. उठला का!

नलूने कप खाली ठेवला. मला हाक मारली नाही, नुसतं बघितलं. मनू शेजारच्या खोलीत होता, त्याने ऐकलं. बाहेर आला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मी पाहिलं.

मग आई हाताच्या नखांकडे बघत म्हणाली, ओटी भरली का गं? भरलीशी वाटते. एका दगडी पायरीवर बसले होते, ऊन होतं. पण मला नीट सापडत नाही. नलू म्हणाली, आई, भरलीय, दोनदा. आई म्हणाली, "तुम्ही सांगता म्हणून मला कसं चालेल? मला ठाऊक असताना भर."

तिसऱ्यांदा गेलो. या वेळी आईने देवीकडे पाहिलंच नाही फारसं. नलूचे हात बघत होती. खण, तांदूळ, नारळ, एकेक गोष्ट, परीक्षेला बसल्यासारखी. घरी येईपर्यंत तोंडाने पुटपुटत होती. पाटावर बसली. भाताला हात लावायच्या आधी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, भरली. हिरवा खण होता.

जेवली. वरणभात, लिंबू. चौथ्या घासाला मीठ मागितलं.

१३ ऑगस्ट

"मनू उठला का?"

२१ ऑगस्ट

अप्पांचं कळलं. कुणी सांगितलं नाही, तिलाच उमगलं. सोनचाफ्याचं काहीतरी बोलता बोलता थांबली. म्हणाली, ते तर गेले. मग म्हणाली, मी तुम्हाला वेड्यासारखं काय काय सांगितलं असेल! बेबी तिच्या पायांशी बसून होती. आईने तिच्या केसांतून हात फिरवला. रडली बेबीच.

१६ सप्टेंबर

फेब्रुवारी ते जुलै आईकडे नाहीच. कमलाकांत म्हणतो, ते येणार नाही, कारण ते कधी साठलंच नाही. ती आम्हाला विचारते. नलू सांगते, मनू सांगतो, मी सांगतो — तिघांच्या तीन हकीकती. आई निवडून घेते. गणपतीत घरी आलेल्या बायकांना सांगत होती, मी म्हणे नारळ पदरात घेऊन नलूला विचारलं, ओटी कधी भरायची. आज मीराबाईंना सांगताना त्यातलं 'म्हणे' गेलं होतं. नारळ किती जड होता तेही सांगितलं.

दाराची कडी माझ्याही हाताला लागतेच अजून.

१४ ऑक्टोबर

मनूने आज सरळ सांगितलं. एक नोव्हेंबरला ते नवं राज्य सुरू होणार, त्या दिवशी निदर्शनं आहेत. सभाबंदी मोडायचीय. तो जाणार.

मी म्हटलं, आई? कमलाकांतने बजावलंय — पुन्हा तसा उपास झाला तर या वेळचं काही परत यायचं नाही. आणि आई पुन्हा व्रत घेईल. नक्की घेईल. तिच्याकडे आणखी आहे काय?

भांडलो. आवाज खाली ठेवून भांडलो, ते जास्त वाईट.

२८ ऑक्टोबर

ठरलं ते असं. आईला सांगायचं नाही. पुण्याला गेलाय, लग्नाचे फोटो काढायला. नलूला पटलेलं नाही. म्हणते, इतके महिने तिच्या डोक्यात खरं टिकावं म्हणून धडपडलो, आता खोटं टिकावं म्हणून?

मी म्हटलं, दुसरी वाट सांग. तिच्याकडे नव्हती.

मनात एक विचार येऊन गेला. आई अजून विसरत असती तर मनूला मोकळेपणी जाता आलं असतं. लिहितानाही लाज वाटते. पण आला.

३१ ऑक्टोबर

मनूने आईचे केस विंचरून दिले. कधी नाही ते!

१ नोव्हेंबर, गुरुवार

मनूला पकडलं. दुपारी कचेरीतच कळलं. त्याचं नाव माझ्याच हातून गेलं, बातमीच्या सातव्या ओळीत.

घरी आलो. आईने विचारलं, मनू कुठे? म्हटलं, पुण्याला. लग्नाचे फोटो.

"सकाळी पाया पडला," आई म्हणाली. "पुण्याला जाताना कधी पडतो का? तेव्हाच कळलं मला. दिवसभर ध्यानात धरून बसलेय."

मग नलूकडे वळली. "पान वाढ. मागच्या वेळी तो आला तेव्हा मीच नव्हते घरी."

भात दोनदा घेतला. मिठासकट.